जांभळी नळी

गुरांच्या दवाखान्यातले काही मजेदार अनुभव लिहून द्या, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी उत्तर दिलं नाही. पुन्हा पत्र आलं तेव्हा लिहिलं की यंदाच्या चैत्रात माझी पत्नी इंदू गेली, मजेचं काही सुचत नाही. त्यावर त्यांनी एवढंच लिहिलं, ‘जे सुचेल ते द्या.’ म्हणून लिहितो आहे. सकाळी चार ओळी होतात, मग उठतो, तिने लावलेल्या कुंड्यांना पाणी घालतो आणि परत बसतो. लेख तुटक वाटला तर त्याचं कारण हेच.

माझी उमेदीची वर्षं शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेली. लोक ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणायचे आणि ते बरोबरच होतं. खुरकुत, घटसर्प, फऱ्या, अडलेली म्हैस, बिबट्याने मान धरलेली पण सुटलेली कालवड, यांवर लिहिता येईल. पण त्या कामात मी एकटा होतो किंवा मलमपट्टी करणारा ड्रेसर धर्मा माझ्याबरोबर होता. इंदू माझ्याबरोबर होती ती फक्त एका कामात, आणि ते काम म्हणजे आजारी मांजराच्या रक्तातलं लॅक्टिक आम्ल मोजणं. त्या काळी खेड्यात हे कोणी करत असेल असं मला वाटत नाही. मी का करत होतो, ते आधी सांगतो.

मुंबईच्या कॉलेजात आमचे एक सर होते. शरीर खचतं म्हणजे नेमकं काय होतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. प्रयोगशाळेतल्या मांजरांवर ते काम करत. खरोखर आजारी मांजरं मात्र त्यांना मिळत नसत. शहरात मांजर आजारी पडलं की कोणाच्या तरी जिन्याखाली जाऊन मरतं, कॉलेजपर्यंत येत नाही. माझी शहापूरला नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हा सर म्हणाले, “तिकडे घरोघर भाताची कणगी, म्हणजे घरोघर मांजर. आजारी दिसलं की मला थोडं रक्त पाठवत जा.” मी हो म्हटलं. सरांना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर हुरूपही होता. पुस्तकं वाचून वाचून डोळे दुखवलेल्या तरुणाला आपण एखाद्या शोधात कुठेतरी आहोत, एवढं पुरतं.

लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्यातला आंबटपणा. तेच, दुसरं काही नाही. आपण धावतो तेव्हा स्नायूंना जितका प्राणवायू हवा तितका मिळत नाही, मग साखर अर्धवट जळते आणि हे आम्ल रक्तात उतरतं. थोडं थांबलं की ते निवळतं. पण एखाद्या प्राण्याच्या शरीरातलं पाणी जुलाबांनी गेलं, रक्त नीट फिरेनासं झालं, तर न धावताच हे आम्ल साठत जातं. प्राणी निपचित पडलेला असतो आणि आतून त्याची धाव चालू असते. सरांचं वाक्य होतं ते. हे आम्ल किती साठलं यावरून तो प्राणी परत येईल की नाही, हे सांगता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता.

शहापुरात माझं काम सोपं होतं. मांजराच्या मानेच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं, लगेच सरांनी दिलेल्या आम्लात मिसळायचं, म्हणजे रक्तातल्या आम्लाचं वाढणं जिथल्या तिथे थांबतं. मग ते गाळून, वरचं स्वच्छ पाणी कुपीत घालून, आसनगाव स्टेशनवर मुंबईला जाणाऱ्या कोणा ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायचं. आकडा पत्राने यायचा. तोवर मांजर एक तर मेलेलं असायचं किंवा बरं झालेलं.

रक्त काढायची आमची रीत गोणपाटाची. मांजर गोणपाटात गुंडाळायचं, फक्त मान बाहेर, आणि धर्माने ते काखेत आवळून धरायचं. धर्मा बैलाच्या शिंगाला कधी भ्यायला नाही, पण मांजरासमोर तो मंत्र पुटपुटायचा. “साहेब, बैल मारंल तर लोकांना सांगायला बरा वाटतो,” तो म्हणायचा. “मांजरानं फाडला तर घरात पन सांगता येत नाय.”

बाजारपेठेत तांदळाचा एक व्यापारी होता, सगळे त्याला शेठ म्हणत. त्याच्या दुकानातल्या बोक्याने खाणं सोडलं, म्हणून तो स्वतः बोक्याला घेऊन आला. बोक्याने धर्माला, शेठला आणि मला, तिघांनाही ओरबाडलं. गोणपाट दोनदा सुटलं. शेवटी रक्त मिळालं, कुपी गेली आणि सरांचं पत्र आलं, की इतका मोठा आकडा मी आजवर पाहिला नाही, हे मांजर जगणं शक्य नाही. मी ते वाचलं आणि समाचाराला म्हणून शेठच्या दुकानी गेलो. बोका तागडीच्या पारड्यात झोपला होता.

“हा गेला म्हणून लिहिलंय मुंबईच्या सरांनी,” मी म्हटलं.

शेठने बोक्याकडे पाहिलं. “त्याला अजून पत्र मिळालं नसेल, डॉक्टरसाहेब.”

बोक्याच्या दाढेत माशाचा काटा अडकला होता, तो मी रक्त घेतलं त्याच दिवशी काढून टाकला होता. त्याला दुसरं काहीही झालेलं नव्हतं. कुप्यांची अदलाबदल झाली असावी, असं सरांनी कळवलं आणि तो आकडा खोडला. मलाही ते पटलं. आम्ही दोघांनी तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण आकडा आपल्या समजुतीत बसला नाही की आपण आकड्याला दोष देतो.

पुढे माझी मुरबाडला बदली झाली, आणि धर्माचीही. तिथे रेल्वे नाही. कल्याणपर्यंत एसटीने कुप्या पाठवायच्या तर त्या फुटायच्या नाहीतर उन्हाने बिघडायच्या. सरांनी सुचवलं की चाचणी तुम्हीच तिथे करा. त्यांनी परीक्षानळ्या दिल्या, औषधांच्या बाटल्या दिल्या आणि सगळी कृती हाताने लिहून दिली. आमचं घर दवाखान्याला लागूनच होतं. त्याच्या पडवीत उत्तरेच्या खिडकीखाली मी टेबल मांडलं. रक्तातली साखर मोरचूद आणि चुन्याने बाजूला काढायची, वरच्या निवळीत गंधकाचं आम्ल थेंब थेंब सोडायचं, नळी माठातल्या पाण्यात निववायची, मग उकळत्या पाण्यात धरायची, पुन्हा निववून शेवटच्या औषधाचे थेंब घालायचे. लॅक्टिक आम्ल असेल तर हळूहळू जांभळा रंग चढतो. कमी असेल तर जास्वंदीच्या सुकल्या पाकळीसारखा फिका, जास्त असेल तर पिकल्या जांभळासारखा. शेजारी ठरावीक रंगाच्या नळ्या लावून ठेवायच्या आणि दिवसाच्या उजेडात डोळ्यांनी जुळवायच्या.

हे करताना नळीच्या तोंडाला बोट लागलं तरी चालत नाही, कारण घामातही हेच आम्ल असतं. आणि दही-ताकाचा वाराही लागता कामा नये. सुरुवातीला एकदा सगळ्याच नळ्या, साध्या पाण्याचीसुद्धा, जांभळ्या झाल्या. मी हताश होऊन बसलो. आत इंदू ताक घुसळत होती. आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं. त्यानंतर आमच्या घरात नियम झाला की नळ्या मांडायच्या दिवशी विरजण झाकून शेजारी ठेवायचं. शेजारच्या काकू विचारायच्या, “आज काय, सोवळं का?” इंदू म्हणायची, “हो, मांजरांचं.”

इंदू सातवीपर्यंत शिकली होती आणि हाताशी येईल ते वाचायची, वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून. घरात एक ठिपकी म्हणून मांजरी होती. तिने इंदूला पाळलं होतं, असं म्हणणं जास्त बरोबर.

सरांनी आता निरोगी मांजरांचे आकडे मागितले, तुलनेसाठी. मी ठिपकीपासून सुरुवात केली. धर्माने तिला गोणपाटात घातलं, ती किंचाळली, मी रक्त घेतलं आणि दुपारी नळी पाहिली. पिकलं जांभूळ. मी ती खिडकीशी धरून उभा राहिलो. सरांच्या हिशेबाने ठिपकी मरायला टेकली होती. ती तेव्हा पडवीच्या आढ्यावर बसून शेपटी चाटत होती आणि धर्माशी आणि माझ्याशी बोलणं तिने सोडलं होतं.

“आज ताक केलंस का?” मी आत विचारलं.

“विरजण कालपासून काकूंकडे आहे. तिला काय झालंय? खरं सांगा.”

“काही नाही. माझं बोट लागलं असेल.”

“मग माझ्याकडे बघून सांगा ना.”

मी नळ्या आम्लाने धुतल्या, हात धुतले, आणि ती नळी बिघडली असं धरून चाललो. पण ती मी ओतून टाकली नाही. का कोण जाणे, नळ्या उभ्या करायच्या लाकडी घोडीवर तशीच राहू दिली.

त्याच उन्हाळ्यात मांजरांची साथ आली. टोकावडे, वैशाखरे, पार घाटाच्या पायथ्यापर्यंत. ओकाऱ्या, जुलाब, मग पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसणं, आणि मरण. लोकांना आधी त्याचं काही वाटलं नाही. मग उंदीर वाढले. पेरणीच्या तोंडावर घरात बियाणं असतं आणि उंदराला ते नेमकं कळतं. तेव्हा लोक मांजरं आणू लागले. बैल घेऊन आलेला एखादा शेतकरी रांगेत उभा राहून ओरडायचा, “आवो डागतर, माजा बैल तीन पायांवर हाय, न् तुमी मांजराच्या रगताला रंग काय देतांव!” त्याचं खोटं नव्हतं. बैल मी आधी पाहायचो.

सरांची सूचना आता स्पष्ट होती. ठरावीक जांभळ्याच्या पुढे गेलेलं एकही मांजर त्यांच्याकडे वाचलं नव्हतं. अशा मांजराच्या कातडीखाली दिवस दिवस मिठाचं पाणी टोचत राहणं म्हणजे त्याचे हाल लांबवणं. त्याला क्लोरोफॉर्म देऊन सोडवावं. हे निष्ठुर नव्हतं. सर मांजरांवर माया करणारे होते.

अशात एका सकाळी भागी आली. टोकावड्याच्या पुढे गावाबाहेर एक वाडी होती, स्वतःची जमीन नसलेली घरं. दिवाळीनंतर बाया-बापे कोळशाच्या भट्ट्यांवर जायचे आणि पावसाच्या आधी परतायचे. डोंगरात उतारावर मिळेल तेवढ्या तुकड्यात नागली, म्हणजे नाचणी, पेरायचे. भागी तिथली, तिशीची असेल. ती एसटीने आली होती, मांडीवर करंडा, करंड्यावर फडकं.

“कंडाक्टर बोलला, याचा अर्धा तिकीट लागंल,” ती म्हणाली. “मी बोललं, मंग याला शीट दे.”

हसली आणि लगेच थांबली. फडकं काढलं. भुऱ्या रंगाची मांजरी, डोळे आत गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

“वाडीतली समदी मांजरा गेली, डागतर. ही येकच ऱ्हायली. समद्यांची नागली आमच्या घरात आनून ठेवलीय, हिच्या भरवशावर. ही गेली त उंदीर बी ठेवनार नाय, न् पेरायचा काय?”

“दुसरीकडून मांजर आणता येणार नाही?”

“कुटं हाय मांजर? तुमी सांगा, मी जातय.”

त्या पट्ट्यात नव्हतंच. एका घराचं नव्हे, साऱ्या वाडीचं बी त्या करंड्यात होतं, आणि ते भागीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिची मुलं येत्या वर्षी काय खातील, ते तिने मांडीवर घेऊन आणलं होतं.

धर्माने मांजरी गोणपाटात घेतली. इतकी अशक्त, पण तरीही तिने धडपड केली, सगळं अंग ताठ केलं. रक्त मिळालं. मी चाचणीला बसलो. भागी दाराशी उकिडवी बसून राहिली, इंदूने तिला भाकरी आणि पाणी दिलं. दुपारी नळी तयार झाली. सरांच्या शेवटच्या नळीपेक्षाही गडद.

मी भागीला सांगितलं. उगाच टोचत राहण्यापेक्षा झोपवू, तिला काही कळणार नाही. बाटली मी कपाटातून काढली. भागी रडली नाही. नळीकडे पाहून म्हणाली, “येवढा रंग तिच्या पोटात व्हता?”

“रक्तात.”

“करा मंग. पन गोनीत नका घालू. माज्या मांडीवर करा.”

मी हो म्हटलं. ती पडवीत मांडी घालून बसली. इंदूने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणून मांजरीखाली घातला आणि भागीच्या शेजारी बसली. आम्ही कोणी घाई केली नाही. भागीने एक तळवा मांजरीच्या डोळ्यांवर ठेवला होता, उन्हाची तिरीप लागू नये म्हणून. मी बाटली हातात धरून उभा होतो आणि मांजरीच्या बरगड्या पाहत होतो, कारण क्लोरोफॉर्म देताना श्वासावर नजर ठेवायची सवय असते. तो भात्यासारखा चाललेला श्वास हळूहळू लांब होत गेला. ताठ पाय सैल पडले. मग तिने नखं बाहेर काढून लुगड्यात रुतवली आणि परत आत घेतली, मांजरं झोपताना करतात तसं.

वरून, आढ्यावरून, ठिपकी हे पाहत होती.

माझी नजर घोडीवरच्या तिच्या नळीकडे गेली. निरोगी मांजरी, आणि मरणाचा रंग. शेठचा बोका, तोही तसाच. त्या दोघांत आणि हिच्यात एकच गोष्ट सारखी होती, गोणपाट. सरांच्या प्रयोगशाळेत रक्त काढताना मांजरं गुंगीच्या औषधाखाली झोपलेली असत. त्यांना कधी कोणी काखेत आवळून धरलंच नव्हतं. रक्त घेण्याआधी माझ्या प्रत्येक मांजराने जिवाच्या आकांताने धाव घेतली होती, जागच्या जागी, गोणपाटाच्या आत. मी आजार मोजत नव्हतो. मी आजार आणि आम्ही घातलेली भीती, दोन्ही एकत्र मोजत होतो.

“हिचं रक्त पुन्हा घेतो,” मी म्हटलं. “अशीच बसा. हलू नका.”

“मारनार नाय?” भागी म्हणाली.

“आधी बघू दे.”

मी घाईघाईने सुई उचलली. इंदू हळूच म्हणाली, “तुम्ही आधी घाबरायचं थांबवा. तिला हात कळतो.” मी थांबलो. थोड्या वेळाने इंदूने मान हलवली, आता घ्या, अशी. मांजरीने कानसुद्धा हलवला नाही.

या वेळी मी नळ्या माठातून काढताना देवाचं नाव घेतलं, एरवी घेत नाही. रंग चढला, पण मध्येच थांबला. फिका नव्हता, आजार होताच. पण सरांच्या शेवटच्या नळीच्या पुष्कळ अलीकडे. दोन नळ्या मी भागीसमोर शेजारी शेजारी धरल्या.

“ह्या दोनी हिच्याच?”

“हिच्याच.”

“मंग ह्या मदला रंग कंचा?” तिने दोन नळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“ती भीती,” मी म्हटलं. “गोणपाटाची.”

तिने धर्माकडे असं पाहिलं की धर्मा गोणपाट घेऊन बाहेर निघून गेला.

बाटली कपाटात गेली. कोमट मिठाचं पाणी आम्ही मांजरीच्या खांद्यांमध्ये कातडीखाली टोचलं, तिला उंटासारखं वशिंड आलं, ते ओसरलं की पुन्हा. भागी आमच्या पडवीतच राहिली. मांजरी आधी पाणी चाटू लागली, मग इंदूने दिलेली बोंबलाची कढी, आणि मग एके सकाळी करंड्यात बसायला नकार देऊ लागली. ती वाडीवर परत गेली. नागली पेरली गेली. पाऊस पडायच्या सुमारास भागीने धर्माच्या हाती शेवळं पाठवली, रानातली, पानात बांधलेली, आणि निरोप, “गोनीवाल्याला देऊ नका.” इंदूने शेवळाची भाजी केली आणि धर्माला आग्रहाने वाढली. तो म्हणाला, “वयनी, मी आता जनमभर मांजरांचा गुन्हेगार.”

त्यानंतर गोणपाट गेलं. पाट आला, पाटावर इंदू आणि लुगड्याचा तो तुकडा. तिची पद्धत तिला कोणी शिकवली नव्हती, भागीचं पाहून आणि स्वतःचं घालून तिने ती बसवली. मांजराचं नाव घेऊन चुचकारायचं नाही. एक तळवा डोळ्यांवर, दुसरा छातीखाली. आपला श्वास आधी सावकाश करायचा आणि मग त्याच्या श्वासाची वाट पाहायची. दोन्ही श्वास एका चालीवर आले की ती मान हलवायची. त्या आधी सुई बाहेर काढायची नाही, असा तिचा हुकूम. कधी कधी तास जायचा. रांगेतले बैलवाले कुरकुरायचे आणि मग तेही गप्प होऊन बघत राहायचे.

सगळी वाचली असं नाही. पुष्कळ मेली. पण इंदूच्या मांडीवरची नळी गडद निघाली की ती खरी असायची, आणि मग बाटली काढताना माझ्या मनात शंका नसायची. त्या मांजरांना आम्ही तिथेच, त्याच मांडीवर सोडवलं. दुसऱ्या दिवशी लुगडं धुऊन वाळत घातलेलं असायचं.

सरांना मी सगळं सविस्तर कळवलं. त्यांनी मोठ्या मनाने आपले जुने निष्कर्ष मागे घेतले. लेख लिहायला घेतला तेव्हा त्यांनी विचारलं, मांजर धरायची पद्धत नेमकी काय? मी लिहिलं, ‘माझ्या पत्नीची मांडी.’ छापताना त्याचं ‘सौम्य हाताळणी’ झालं. मी तो लेख इंदूला वाचून दाखवला. तिने ते दोन शब्द मला परत वाचायला लावले आणि म्हणाली, “बरं नाव ठेवलंय मला.”

सर गेले, साथ ओसरली, माझी बदली झाली आणि परीक्षानळ्या शेवटी मुलांच्या खेळण्यात फुटल्या. हे सगळं मी विसरलो नव्हतो, पण कित्येक वर्षांत त्याबद्दल आम्ही बोललोही नव्हतो.

चैत्रात इंदूला ताप आला आणि संसर्ग अंगभर पसरला. कल्याणच्या एका इस्पितळात तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. नळ्या ओढू नयेत म्हणून दोन्ही मनगटं पट्टीने पलंगाच्या कठड्यांना बांधली होती. तरुण डॉक्टर कागद पाहत सिस्टरशी बोलत होते, त्यात एक शब्द माझ्या कानावर पडला. लॅक्टेट, म्हणजे आमचं ते लॅक्टिक आम्लच.

“ते कसं मोजता?” मी विचारलं.

“मशीन आहे, आजोबा. थेंबभर रक्त घातलं की लगेच आकडा येतो.” मग जरा थांबून म्हणाले, “आकडा चांगला नाहीये.”

“रक्त घेतलंत तेव्हा ती अशीच बांधलेली होती?”

त्यांना प्रश्न कळला नाही. मी सांगू लागलो, माणूस झगडत असेल, घाबरलेला असेल तर आकडा वाढतो, त्यातला थोडा आजाराचा आणि थोडा भीतीचा असतो, मी हे पाहिलेलं आहे. कुठे पाहिलं ते मी सांगितलं नाही. डॉक्टर समंजस होते. म्हणाले, “तसंही थोड्या वेळाने परत घ्यायचंच आहे. पण आजोबा, फार आशा धरू नका.”

सिस्टरने माझ्या सांगण्यावरून पट्ट्या सोडल्या. मी स्टुलावर बसलो. इंदूची मान माझ्या दंडावर घेतली, एक तळवा तिच्या डोळ्यांवर ठेवला, वरचा दिवा लागत होता म्हणून. दुसरा छातीवर. तिचं नाव घेतलं नाही. माझाच श्वास धापेसारखा चालला होता, तो आधी सावकाश करायला हवा होता, आणि ते मला लवकर जमेना. सिस्टर सुई घेऊन उभी होती, पण तिने घाई केली नाही. देव तिचं भलं करो. मग केव्हातरी ते दोन्ही श्वास एका चालीवर आले. मी मान हलवली.

मशीनने आकडा दाखवला. सिस्टरने तो हळू आवाजात वाचला आणि डॉक्टरांनी पहिल्या कागदाशी ताडून पाहिला.

“तेवढाच आहे,” ते म्हणाले. “कमी नाही झाला. सॉरी, आजोबा.”

इंदू त्याच संध्याकाळी गेली. माझा हात तिच्या छातीवर होता.

डॉक्टरांनी तो आकडा वाईट म्हणून सांगितला आणि तो वाईट होताच. पण हे काम मी त्यांच्या जन्माआधी केलेलं आहे, आणि दोन नळ्या शेजारी धरून मधली जागा पाहायची सवय अजून सुटलेली नाही. बांधलेली असतानाचा आकडा आणि माझ्या हातातला आकडा, दोन्ही सारखे होते. मध्ये रंग नव्हता. म्हणजे पहिल्या वेळीही ती घाबरलेली नव्हती. घाबरलो होतो तो मी, आणि ते तिला हातावरून कळलं असणार.